पट्टीवाल्या आबांचे पाय

माझ्या टेबलावर कुणी काही सांडलेलं मला खपत नाही. चहाचा कप ठेवायचा तर खाली कागद, पेनाचं टोपण पेनालाच, आणि रजिस्टरवर धुळीचा कण नको. घरचे म्हणतात, तू सासरी नांदलीस हेच नवल. आणि अशा माझ्या टेबलावर, रजिस्टरच्या उघड्या पानावर, आबा रोज सकाळी कमरेची पिशवी उलटी करायचे. खडे, काचा, तारेचे तुकडे, बाभळीचे काटे, एकदा तर कुणाचं तरी तुटकं जोडवं. सगळं खळ्ळकन.

"आबा, रजिस्टर आहे ते!"

"मग? ह्याचीच तर नोंद करायची. लिवा."

मी ओरडायची, ते ऐकायचे, आणि दुसऱ्या दिवशी पिशवी पुन्हा तिथंच. साडेतीन वर्षांत एवढी एक खोड काही त्यांनी सोडली नाही.

आमचा विमानतळ म्हणजे विमानतळ म्हणायचं म्हणून. मांजरसुंब्याहून अंबाजोगाईकडे निघालं की एक फाटा लागतो, तिथून आत माळावर. एक धावपट्टी, उतारूंना एक खोली, मला एक खोली, वायरलेस, आगीचा बंब आणि खांबावर फडफडणारी वाऱ्याची दिशा सांगणारी पिशवी. आठवड्यातून तीनदा मुंबईचं लहान विमान, तेही ढग आले की रद्द. बाकी मग पुढाऱ्यांची विमानं, आणि अंबाजोगाईच्या दवाखान्यातला पेशंट मुंबईला न्यायचा असला तर त्यासाठी येणारं. उतारूंपेक्षा सोडायला येणारेच जास्त. एका माणसाला पोचवायला काळीपिवळी जीप भरून माणसं यायची, बायका कुंपणाच्या जाळीला धरून डोळे पुसायच्या, आणि गेलेला माणूस त्यांच्या घरी पोचायच्या आत मुंबईला पोचलेला असायचा.

मी वडवणीची. ही नोकरी लागली तेव्हा आईनं अख्ख्या गल्लीत सांगितलं, पोरगी विमानात लागली. विमानात कसली लागतेय! मी लागले रजिस्टरात.

आबा कागदोपत्री चौकीदार. खरं काम पट्टी चालणं. उंच, वाळके, पांढरा फेटा, धोतरावर सरकारी खाकी शर्ट आणि खांद्यावर काळं घोंगडं. विमानतळ व्हायच्या आधी ह्याच माळावर त्यांच्या वडिलांची मेंढरं चरायची, मग त्यांची चरली. माळ गेला तेव्हा बाकीच्यांनी काय काय मागून घेतलं. आबा म्हणाले, मला माळावरच ठेवा. साहेब लोकांना वाटलं म्हातारा भोळा आहे. घेतलं ठेवून.

विमानाच्या पंख्यात एवढासा खडा ओढला गेला तरी इंजिन बसतं. म्हणून प्रत्येक विमानाच्या आधी पट्टी तपासायची असते. ती गाडीतून तपासतात, डोळ्यांनी. आबा अनवाणी चालून तपासायचे. चपला फाटकापाशी काढायच्या, पट्टीला हात लावून तो कपाळाला लावायचा, आणि निघायचं. एका कडेनं जायचं, मधनं यायचं, पुन्हा जायचं, दुसऱ्या कडेनं यायचं. रोज सकाळी एकदा, आणि शिवाय दर विमानाच्या आधी. मे महिन्यात डांबर पाघळायचं तेव्हा मी म्हणायची, आबा, डोळ्यांनी बघा की.

"डोळ्याला उन्हात सगळंच चमकताना दिसतंय, बाई. काच बी चमकती आन् डांबर बी. पायाला आसलं काय न्हाई. पायाला टोचलं म्हंजी टोचलं."

मग ते दोन्ही हात वर करून यायचे, फाटकात उभे राहून "मोकळी हाय!" असं ओरडायचे, आणि त्यानंतरच मी वायरलेसवर विमानाला उतर म्हणायची. रजिस्टरात 'धावपट्टी निर्धोक' असा रकाना होता. त्यात त्यांची सही, त्याखाली माझी.

आणखी एक खोड. विमान उतरायला लागलं की सगळा गाव माना वर करायचा आणि आबा विमानाकडे पाठ करायचे. उतरून ते पुढं गेलं की त्यानं मागं काय सांडलं ते बघायला जायचे. मुंबईचा एक पायलट त्यांच्या फार मागं लागलेला, आबा, एकदा आत येऊन बसा तरी. आबा म्हणाले, "बसलो आस्तो, पर मग खाली कोन बघंल?" त्यात काही त्याग नव्हता हो. त्यांना खरंच विमानात रस नव्हता. जमिनीत होता.

झाडायचं मशिन आलं तेव्हा ते आठ दिवस फुगून बसले. बोलायचे नाहीत. फक्त मशिन जाऊन आलं की त्याच्यामागून चालायचे, आणि त्यानं सोडलेलं सगळं गोळा करून ड्रायव्हरच्या सीटवर मांडून ठेवायचे. ड्रायव्हर बसायला जायचा आणि किंचाळून उठायचा. नवव्या दिवशी तो माझ्याकडे आला, मॅडम, म्हाताऱ्याला आवरा नाहीतर मी बदली मागतो. आबांना म्हटलं तर म्हणाले, "मी काय केलं? त्याचं त्याला दिलं."

टिटवीचं मात्र मी कधी विसरणार नाही. पट्टीच्या अगदी कडेला, मुरमावर, टिटवीनं चार अंडी घातली. पट्टीजवळ पक्षी चालत नाहीत, मी म्हटलं उचला आणि द्या टाकून. आबा माझ्याकडे असे बघत राहिले की मीच नजर वळवली. दुसऱ्या दिवशी त्यांनी ती चार अंडी आणि आजूबाजूचे खडे जसेच्या तसे हातभर बाजूला सरकवले. टिटवीनं आकाशपाताळ एक केलं, आणि तासाभरानं येऊन बसली. रोज हातभर, कधी दोन हात. डोक्यावर टिटवी चोची मारतेय, फेट्याची पार दशा झाली, आणि हे खाली वाकून खडे मांडतायत. तीन आठवड्यांत घरटं नाल्याच्या काठाला पोचलं. चारी पिल्लं निघाली त्या दिवशी आबांनी मला गुळाचा खडा दिला. तोही त्याच पिशवीतून. मी खाल्ला.

आणि भीत म्हणून कुणाला नसत. मुंबईचं विमान पहिल्यांदा येणार त्या दिवशी तालुक्याचे पुढारी आले. गाड्या, फेटे, हलगी, टोपलीभर नारळ. त्यांना नारळ फोडायचा होता तो पट्टीवर, विमानाचं चाक टेकतं त्याच जागी. मी नवीन, नुसती हसतमुख उभी. काय बोलणार? आबा गेले आणि नेमके त्या जागेवर मांडी घालून बसले.

"आबा, उठा की. शुभ काम हाय," कार्यकर्ते म्हणाले.

"शुभ हाय म्हनूनच बसलो. खोबऱ्याला कावळं येत्यात. कावळा पंख्यात गेला म्हंजी? मग कशाचं शुभ?"

"मग फोडायचा कुठं बे म्हाताऱ्या?" मागून एक जण खेकसला.

आबांनी फेटा काढला, मांडीवर ठेवला आणि टक्कल पुढं केलं. "हितं फोडा. खोबरं मी येचून घेतो."

हलगीवाला सगळ्यांच्या आधी हसला. मग पुढारीही हसले, न हसून करतात काय. नारळ फाटकाबाहेरच्या दगडावर फुटला. तेव्हापासून ती रीतच पडली. ज्याच्या घरचं माणूस उडणार, तो फाटकाबाहेरच्या दगडावर नारळ फोडतो, आणि खोबऱ्याचा तुकडासुद्धा माळावर राहत नाही. आबा समोर उभे राहून खायला लावत.

हे सगळं मी आता हसून सांगतेय. पण मला ज्याचं सांगायचंय ते ह्यात नाही.

दिवाळीच्या थोडं आधीची गोष्ट. आबा पायरीवर चहा पीत बसले होते, एक पाय दुसऱ्या मांडीवर. तळवा माझ्याकडे होता. तळव्याच्या मधोमध खिळ्याचं डोकं दिसत होतं.

"आबा, पायात खिळा आहे तुमच्या!"

"कुठं?"

त्यांनी पाय उलटा करून बघितलं. खिळा चांगला पेरभर आत होता. त्यांनी तो दोन बोटांनी ओढून काढला, चहाच्या बशीत ठेवला, आणि खिळ्याकडे एकदा, पायाकडे एकदा, असं बराच वेळ बघत राहिले. चेहऱ्यावर दुखल्याची एक रेघ नाही. त्याचीच मला भीती वाटली.

अंबाजोगाईला माझी मैत्रीण डॉक्टर आहे. मी त्यांना बळंच तिच्याकडे नेलं. साखर इतकी वाढलेली की ती मलाच रागावली. मग तिनं आबांना डोळे मिटायला सांगितले आणि एक बारीक काडी घेऊन तळव्याला टोचायला लागली. टोचलं की हो म्हणा, बाबा. तिनं टाचेला टोचलं, चवड्याला टोचलं, अंगठ्याला टोचलं. आबा डोळे मिटून मोठ्या उत्सुकतेनं बसलेले.

"लावा की," ते म्हणाले.

"लावून झालं, बाबा," ती म्हणाली.

दोन्ही पाय तळव्यातून बधिर झाले होते. अनवाणी एक पाऊल टाकायचं नाही, जखम झाली तर कळणार नाही, चिघळली तर पाय काढावा लागेल. काळे बूट लिहून दिले. बूट आम्ही घेतले. परतीच्या वाटेवर आबा खोकं मांडीवर घेऊन जीपमध्ये बसले होते. फाटा आला तेव्हा बोलले.

"हापिसात सांगू नका, बाई."

"आबा..."

"सांगितलं की काढत्याल. मग लेक नेनार पुन्याला. चौथ्या मजल्यावर ऱ्हातो त्यो. गुनाचा हाय, सून बी चांगली हाय. पर चौथ्या मजल्यावर मी काय करू? कुठं चालू?"

त्यांची बायको जाऊन बरीच वर्षं झाली होती. मेंढरं विकलेली. त्यांच्यापाशी हा माळ होता आणि "मोकळी हाय" हे दोन शब्द होते. मी म्हटलं, नाही सांगत. मला वाटलं, मी किती मोठ्या मनाची.

मग मी माझी एक युक्ती काढली. आबा चालून आले की मी सकाळचा व्यायाम म्हणून त्यांच्यामागून पट्टीवर एक फेरी मारायची. पायात सँडल, नजर खाली. आबा अनवाणीच चालत होते, बूट खोक्यात. रोज विचारायची, बूट का घालत नाही. म्हणायचे, बुटानं पट्टी कळत न्हाई. म्हणजे अजून त्यांना वाटत होतं की पायानं कळतंय. निदान थोडं तरी. मी मागून चालत राहिले.

एक दिवस मला एक स्क्रू सापडला. बोटाच्या पेराएवढा, मधल्या पांढऱ्या रेषेवर, आबा दहा मिनिटांपूर्वी जिथून गेले होते नेमका तिथंच. मी तो पदराआड घेतला, टेबलाच्या खणात मागं सारला, रजिस्टरात त्यांच्या सहीखाली माझी सही केली आणि मुंबईचं विमान उतरवलं. असे पाच-सहा आठवडे गेले.

थंडीचे दिवस होते. सकाळी नऊच्या सुमाराला निरोप आला, पेशंटला न्यायला विमान येतंय. वडवणीकडची एक बाळंतीण, तीन दिवसांची ओली, हृदयाचं काहीतरी बिघडलेलं, अंबाजोगाईत जमण्यासारखं नव्हतं. अँब्युलन्स आली तेव्हा विमान माळावर पोचलेलं, वर घिरट्या घालत होतं. अँब्युलन्समध्ये ती पोरगी डोळे मिटून पडलेली, शेजारी दवाखान्यातले डॉक्टर, आणि तिची आई बाहेर फाटकाशी उभी. हातात नारळ, पण फोडायचं भान कुणाला.

आबा पट्टीवर निघाले होते. मी खिडकीतून बघत होते. अर्ध्यावर गेले, आणि थांबले. मेंढरामागं फिरतानाची त्यांची जुनी सवय, मधेच थांबून मागं वळून बघायची. वळले. आणि तिथंच उभे राहिले.

मी बाहेर धावले. आबा माघारी पळत येत होते, आणि त्यांच्यामागं पांढऱ्या रेषेवर लाल ठसे उमटत होते. एकाआड एक, फक्त उजव्या पायाचे.

"बाई, इमान थांबवा! उतरू देऊ नका!"

"आबा, पायाला..."

"पायात काय गेलं ते मला कळलं न्हाई! रगत बघितलं तवा कळलं. ह्ये कळलं न्हाई तर बाकीचं काय कळलं आसंल? पट्टी मोकळी हाय का न्हाई, मला ठावं न्हाई!"

त्यांचा आवाज फाटला होता. फाटकाशी सगळे होते. अँब्युलन्सवाले, बंबावरची चार माणसं, मशिनचा ड्रायव्हर, काळीपिवळीवाले, चहावाली, फाट्यावर उगाच उभे असतात ते. सगळ्यांच्या देखत हा माणूस, ज्यानं पुढाऱ्याला हटवलं, तो सांगत होता की मला माहीत नाही.

मी वायरलेसवर पायलटला थांबायला सांगितलं. तो म्हणाला, वीस-पंचवीस मिनिटं थांबेन, पुढं नाही. मशिन आदल्या दिवशीपासून बंद पडलेलं. मी बाहेर येऊन बघते तर आबांनी मेंढरं हाकायची जुनी काठी आडवी धरलेली.

"चपला काढा! समद्यांनी! खांद्याला खांदा लावा. मेंढरावानी चला, मधी फट नको. घाई न्हाई, पर थांबायचं न्हाई."

का म्हणून कुणी विचारलं नाही. वीस-बावीस जण असू. बंबवाल्यांनी बूट काढले, चहावालीनं पदर खोचला, मी सँडल भिरकावले. पोरीची आई रांगेत आली तेव्हा डॉक्टर म्हणाले, मावशी, तुम्ही थांबा. ती म्हणाली, "लेक माझी हाय," आणि नारळ त्यांच्या हातात दिला. आम्ही ह्या कडेपासून त्या कडेपर्यंत रांग धरली आणि चालायला लागलो. मागून आबा, रक्ताळलेल्या पायाला फेटा गुंडाळून, मेंढरं हाकताना करतात तसा तोंडानं आवाज करत. कुणी पुढं गेलं की काठीनं मागं घेत. वर विमान फिरतंय. डांबर गारठलेलं होतं आणि एकेक कण पायाला लागत होता. पट्टीच्या शेवटाला पोचलो तोवर सात वस्तू निघाल्या. सगळ्यात वाईट होती ती तुटकी पत्र्याची पट्टी, धारेची, ती पोरीच्या आईला सापडली. आबांचा पाय पडला होता तो तिच्यावरच.

तेव्हा आबा नाही ओरडले. मला म्हणाले, "तुमी सांगा." मी वायरलेसवर सांगितलं. विमान उतरलं, पोरीला घेतलं आणि गेलं. ती वाचली. परवा तिच्या लेकराचं जावळ काढलं, मला बोलावणं होतं.

सगळे पांगल्यावर मी आबांचा पाय पाण्यानं धुतला आणि पट्टी बांधायला बसले. ते खुर्चीत होते. माझ्या समोर खुर्चीत बसलेले मी त्यांना पहिल्यांदाच बघत होते.

"तुमी रोज माझ्यामागं कावून फिरायच्या?"

"व्यायाम," मी म्हणाले.

"काय घावलं का कधी?"

खोटं बोलायला तोंड उघडलं होतं, पण जमेना. उठून खण उघडला आणि स्क्रू त्यांच्या हातावर ठेवला.

"कवाचा ह्यो?"

"दिवाळीनंतरचा."

"इमान उतरायच्या आदी घावला?"

"आधीच. आबा, मी उचलला ना. उचलला म्हणूनच..."

"तुमाला दिसला म्हनून उचलला. न्हाई दिसला तर?"

ते चिडले असते तर बरं झालं असतं. पण ते अगदी शांत, मला समजावून सांगायला लागले.

"बाई, तुमी मला जपलं. लई उपकार. पर मी खाली हाय. वर हायत त्येंना जपायचं आस्तं. मला बी त्ये कळायला पायजे हुतं, आन् तुमाला बी."

मी रडले. मला माझी लाज वाटली. आजही वाटते. दोन शब्द त्यांच्याकडून हिरावून घ्यायला नकोत म्हणून मी विमानभर माणसं पणाला लावली होती, आणि त्याला चांगुलपणा म्हणत होते.

"रजिस्टर काढा," ते म्हणाले. "शेऱ्यात लिवा."

"काय लिहू?"

"ह्या मान्सानं पट्टी मोकळी हाय म्हनलं तर आजपासून मानू नये."

"आबा, असं नाही लिहीत."

"आसंच लिवा."

मी लिहिलं. त्यांनी वाचून घेतलं, आणि एकेक अक्षर कोरत खाली सही केली.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते आले ते बूट घालून. नवे करकरीत काळे बूट. फाटकाबाहेरच्या नारळाच्या दगडावर बसले. मी सँडल काढले, पट्टीला हात लावला आणि निघाले. मला दुसरं काही सुचलं नाही. एका कडेनं गेले, मधनं आले, पुन्हा गेले. शेवटच्या खेपेला फाटक दहा पावलांवर राहिलं असताना टाचेखाली असा काही खडा आला की मी एका पायावर नाचले.

आबा ताडकन उठले. "लागला?"

"आई गं! लई लागला, आबा! जीव गेला!"

"बगू. केवढा हाय?"

मी लंगडत जाऊन त्यांच्या हातावर ठेवला. हरभऱ्याच्या डाळीएवढाही नव्हता. त्यांनी तो बोटांवर फिरवून बघितला, माझ्या टाचेकडे बघितलं, आणि मूठ मिटली.

"मग झालं," ते म्हणाले. "बाई, लेकाला फोन लावा. म्हनावं, येतो."